अहवालातील आकडा नेमके काय मोजतो?

या पाठात काय शिकाल

- ‘९८ टक्के खाती सुरक्षित’ म्हणजे ९८ टक्के पैसे सुरक्षित, असे का नव्हे
- बुडीत कर्जाचे प्रमाण कमी दिसले, तरी बुडीत रक्कम वाढलेली कशी असू शकते
- परताव्याचा आणि महागाईचा आकडा कसा वाचावा
- कोणताही अहवाल हातात आल्यावर विचारायचे पाच प्रश्न

बँकेचा किंवा पतसंस्थेचा वार्षिक अहवाल घरी येतो. बेंगळुरूत तो बहुधा कन्नड किंवा इंग्रजीत असतो. मग आपण मुखपृष्ठावरचे मोठे आकडे पाहतो, लाभांश किती ते बघतो आणि अहवाल कपाटात ठेवून देतो. वर्तमानपत्रातले आकडेही आपण असेच वाचतो: टक्का मोठा असेल तर बरे वाटते, लहान असेल तर काळजी वाटते.

पण आकडा खरा असूनही आपला समज चुकीचा होऊ शकतो. आकड्याने एक गोष्ट मोजलेली असते आणि आपण दुसरीच मोजली आहे असे धरून चालतो. आयुष्यभराची पुंजी कोठे ठेवायची हे अशा समजावर ठरत असेल, तर हा फरक फार महागात पडतो. म्हणून पुढील पाच प्रश्न पाठ करून ठेवा.

१. काय मोजले? खाती, माणसे की रुपये?
२. कशाच्या तुलनेत? टक्का काढताना भागाकार कोणत्या आकड्याने केला?
३. कोण आत, कोण बाहेर? मोजणीत कोणाचा समावेश आहे आणि कोणाला वगळले आहे?
४. कधीचा? एका दिवसाचा आकडा आहे की वर्षभराचा?
५. कोणी मोजला? संस्थेने स्वतः, लेखापरीक्षकाने की बाहेरच्या यंत्रणेने?

आता हे प्रश्न प्रत्यक्ष आकड्यांना लावून पाहू.

पहिला आकडा : ९८ टक्के

बँकेतील ठेवींचा विमा ‘ठेव विमा आणि पत हमी महामंडळ’ म्हणजे डीआयसीजीसी उतरवते. हे महामंडळ रिझर्व्ह बँकेच्या मालकीचे आहे. विम्याचा हप्ता बँक भरते, ठेवीदाराकडून काही घेतले जात नाही. ४ फेब्रुवारी २०२० पासून विम्याची मर्यादा एका बँकेतील एका ठेवीदारासाठी ५ लाख रुपये आहे. त्याआधी १ मे १९९३ पासून ती १ लाख रुपये होती.

मार्च २०२१ अखेर देशातील सुमारे २५२.६ कोटी खात्यांपैकी २४७.८ कोटी खाती, म्हणजे ९८.१ टक्के खाती, पूर्ण संरक्षित होती. हा आकडा तुम्ही बातम्यांत आणि भाषणांत ऐकला असेल. तो बरोबर आहे. त्याच तारखेचा, त्याच महामंडळाचा दुसरा आकडाही बरोबर आहे: विमापात्र ठेवींच्या एकूण रकमेपैकी ५०.९ टक्के रकमेलाच विम्याचे संरक्षण होते.

दोन्ही आकडे एकाच वेळी खरे कसे? एक छोटी शाखा कल्पना करून पाहा.

- शाखेत १०० खाती आहेत आणि प्रत्येक खाते वेगळ्या व्यक्तीचे आहे.
- ९८ खात्यांत प्रत्येकी ५०,००० रुपये आहेत. एकूण ४९ लाख.
- २ खात्यांत प्रत्येकी ५० लाख रुपये आहेत. एकूण १ कोटी.
- शाखेतील सर्व ठेवी : १ कोटी ४९ लाख.

पहिल्या ९८ खात्यांची सगळी रक्कम विम्यात बसते. उरलेल्या दोन खात्यांपैकी प्रत्येकाचे ५ लाखच बसतात. म्हणजे विम्याखालील रक्कम ४९ लाख अधिक १० लाख, अर्थात ५९ लाख. खात्यांच्या हिशेबाने संरक्षण ९८ टक्के आणि रुपयांच्या हिशेबाने ३९.६ टक्के. शाखा तीच, दिवस तोच. फरक पहिल्या प्रश्नाचा आहे: काय मोजले?

आणखी एक बारकावा. मार्च २०२४ अखेर रकमेच्या हिशेबाने संरक्षण ४३.१ टक्क्यांवर आले होते. मर्यादा ५ लाखच होती. मात्र ठेवी वाढत गेल्या आणि मर्यादा जागेवर राहिली, म्हणून टक्का घसरला. तुमची ठेव पूर्वीइतकीच असेल, तर तुमचे संरक्षण तसूभरही कमी झालेले नाही. आणि वर्षानुवर्षे व्याज साठून तुमची ठेव ५ लाखांपलीकडे गेली असेल, तर कोणी न कळवताही तिचा काही भाग विम्याबाहेर गेलेला आहे.

बसवनगुडीतील ठेवीदार आणि हा टक्का

या फरकाचा अनुभव बेंगळुरूने घेतला आहे. जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने बसवनगुडी भागातील श्री गुरु राघवेंद्र सहकार बँकेवर निर्बंध लावले. प्रत्येक ठेवीदाराला जास्तीत जास्त ३५,००० रुपये काढता येतील, असे ठरले. निवृत्तीचे पैसे एकाच ठिकाणी ठेवून त्याच्या व्याजावर घर चालवणारी अनेक ज्येष्ठ मंडळी या बँकेची ठेवीदार होती.

त्या दिवशी विम्याची मर्यादा अजून १ लाखच होती. मार्च २०१९ अखेर देशातील ९२ टक्के खाती पूर्ण संरक्षित होती, पण रकमेच्या हिशेबाने संरक्षण फक्त २८.१ टक्के होते. ज्या ज्येष्ठाचे पंधरा-वीस लाख एकाच बँकेत होते, तो उरलेल्या ८ टक्क्यांत मोडत होता. ९२ टक्क्यांचा आकडा त्याच्याविषयी काहीच सांगत नव्हता.

दुसरी गोष्टही तेव्हा ध्यानात आली. ‘विमा आहे’ हे वाक्य पैसे किती मिळतील ते सांगते, कधी मिळतील ते सांगत नाही. त्या काळी विम्याची रक्कम बँक अवसायनात निघाल्यावर मिळत असे. केवळ निर्बंध असले, तर ठेवीदाराने वाट पाहायची. २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती १ सप्टेंबर २०२१ पासून लागू झाली. आता निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद आहे: पहिल्या ४५ दिवसांत बँकेने ठेवीदारांची माहिती द्यायची, पुढच्या ३० दिवसांत महामंडळाने तपासायची आणि त्यानंतरच्या १५ दिवसांत पैसे द्यायचे.

म्हणून ज्या पैशांवर महिन्याचे औषधपाणी आणि घरभाडे अवलंबून आहे, ते सगळे एका बँकेत ठेवू नका. तीन महिन्यांचा खर्च दुसऱ्या बँकेत असावा.

तुमचे ५ लाख कसे मोजतात?

देशाचा टक्का बाजूला ठेवा आणि स्वतःचा हिशेब मांडा. नियम असे आहेत.

- शाखा वेगळ्या, बँक एक : जयनगर शाखेतील मुदत ठेव आणि मल्लेश्वरम शाखेतील बचत खाते एकत्र मोजले जाते.
- मुद्दल आणि व्याज एकत्र : ४,८०,००० रुपयांच्या ठेवीवर ३५,००० व्याज जमले असेल, तर ५,१५,००० पैकी ५,००,००० विम्यात आणि १५,००० बाहेर.
- बँक वेगळी, मर्यादा वेगळी : दोन बँकांत ठेवी असतील, तर प्रत्येक बँकेसाठी स्वतंत्र ५ लाख.
- संयुक्त खाते : एकट्याच्या नावाचे खाते आणि पती-पत्नींचे संयुक्त खाते वेगवेगळे मोजतात.
- कर्ज असेल तर : त्याच बँकेचे तुमच्याकडे देणे असल्यास ते ठेवीतून वळते होऊ शकते.

तिसरा प्रश्नही इथे विचारायलाच हवा: कोण बाहेर? हा विमा व्यापारी बँका, ग्रामीण बँका, लघु वित्त बँका आणि सहकारी बँकांना आहे. सहकारी पतसंस्थांना तो नाही. कर्नाटकात ‘सौहार्द सहकारी’ नावाने अनेक पतसंस्था चालतात. त्यांचा फलक, काउंटर आणि पासबुक बँकेसारखेच दिसते, पण तेथील ठेवींना डीआयसीजीसीचा विमा नाही. भिशी, चीट फंड, म्युच्युअल फंड आणि कंपन्यांच्या ठेवी यांनाही तो नाही. पोस्टातील बचत या विम्याखाली येत नाही, पण तिच्यामागे केंद्र सरकार आहे.

फलकावर ‘बँक’ हा शब्द आहे का, हे आधी पाहा. मग महामंडळाच्या संकेतस्थळावरील विमाधारक बँकांच्या यादीत ते नाव आहे का, ते तपासा. काउंटरवरील तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

दुसरा आकडा : एनपीए

कर्जाचा हप्ता किंवा व्याज ९० दिवसांपेक्षा जास्त थकले, की सर्वसाधारणपणे ते कर्ज अनुत्पादित म्हणजे एनपीए ठरते. अहवालात याचे दोन टक्के असतात. ढोबळ एनपीए म्हणजे एकूण कर्जांपैकी थकलेल्या कर्जांचा वाटा. निव्वळ एनपीए म्हणजे त्या थकबाकीसाठी बँकेने आधीच बाजूला काढलेली तरतूद वजा केल्यावर उरणारा वाटा.

समजा कर्जे १०० कोटी, थकलेली ८ कोटी आणि तरतूद ५ कोटी. ढोबळ एनपीए ८ टक्के. निव्वळ एनपीए काढताना वरून आणि खालून दोन्हीकडून तरतूद वजा होते: ३ भागिले ९५, म्हणजे ३.१६ टक्के. मुखपृष्ठावर साहजिकच ३.१६ छापले जाते. त्यात खोटे काही नाही, पण दुसऱ्या बँकेच्या ढोबळ टक्क्याशी त्याची तुलना करू नका.

आता दुसरा प्रश्न, भागाकाराचा. पुढल्या वर्षी त्याच बँकेने भराभर कर्जे वाटली आणि एकूण कर्जे १४० कोटींवर नेली. थकलेली कर्जे ८ कोटींवरून ९ कोटी ८० लाख झाली. ढोबळ एनपीए किती? ७ टक्के! अहवालात ‘एनपीए ८ वरून ७ टक्क्यांवर आणला’ असे वाक्य येईल. प्रत्यक्षात थकबाकी १ कोटी ८० लाखांनी वाढली आहे. शिवाय नव्याने दिलेल्या कर्जांना थकायला अजून वेळच मिळालेला नाही. थकलेले कर्ज वसूल न होता केवळ खतावणीतून काढून टाकले, अर्थात निर्लेखित केले, तरीही टक्का कमी होतो. म्हणून टक्क्याशेजारी नेहमी रुपयांतला आकडा शोधा आणि तो मागच्या वर्षीच्या रकांन्याशी ताडून पाहा.

टक्का जे मोजत नाही ते

मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह म्हणजे पीएमसी बँकेचे उदाहरण महाराष्ट्रातील आणि बाहेरील अनेक मराठी कुटुंबांनी भोगले आहे. या बँकेने मार्च २०१९ अखेर ढोबळ एनपीए ३.७६ टक्के आणि निव्वळ एनपीए २.१९ टक्के दाखवला होता. आकडे चांगल्या बँकेला शोभणारे होते. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध लावले आणि सुरुवातीला प्रत्येक खात्यातून फक्त १,००० रुपये काढण्याची मुभा मिळाली. त्यानंतर उघड झाले, की सुमारे ८,८८० कोटींच्या कर्जांपैकी ६,५०० कोटींहून अधिक कर्ज एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे अडकले होते. ही कर्जे लपवण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखवल्याचा आरोप तपासात पुढे आला. जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली.

यातून दोन गोष्टी शिकाव्यात. पहिली: एनपीएचा टक्का हा बँकेने स्वतः थकीत ठरवलेल्या कर्जांचा असतो. लेखापरीक्षक आणि रिझर्व्ह बँक तो तपासतात, पण मोजणीची सुरुवात बँकेच्याच नोंदींपासून होते. पाचवा प्रश्न यासाठीच आहे. दुसरी: सगळी अंडी एकाच टोपलीत आहेत का, हे एनपीए मोजतच नाही. एकाच कर्जदाराकडे निम्मी कर्जे असतील आणि तो आजवर हप्ते भरत असेल, तर एनपीए शून्य दिसेल.

लपवलेली गोष्ट अहवाल वाचून सामान्य ठेवीदाराला सापडेल, असे मी म्हणणार नाही. ते काम तपासणी करणाऱ्यांचे आहे. तुमच्या हातात आहे ते एवढेच: कितीही देखणा अहवाल असला, तरी एका बँकेत विम्याच्या मर्यादेबाहेर रक्कम ठेवताना दोनदा विचार करणे.

तिसरा आकडा : एका दिवसाचा

ताळेबंदावर ‘३१ मार्च रोजी’ असे लिहिलेले असते. तो त्या एका दिवसाचा फोटो आहे. लग्नाच्या दिवशीच्या फोटोवरून घरातले रोजचे कपडे ठरवू नयेत, तसेच हे आहे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ठेवी आणण्यासाठी कर्मचाऱ्यांना उद्दिष्टे दिली जातात. आलेल्या काही ठेवी एप्रिलमध्ये परतही जातात. नफा-तोटा पत्रक मात्र ‘३१ मार्च रोजी संपलेल्या वर्षासाठी’ असते, म्हणजे वर्षभराची बेरीज. जेथे ‘सरासरी ठेवी’ दिल्या असतील, तेथे त्या वाचा. एका दिवसापेक्षा त्या अधिक सांगतात.

चौथा आकडा : परतावा

समजा मुदत ठेवीचा दर ७ टक्के आहे आणि व्याज दर तिमाहीस मुद्दलात मिळते. एक लाखाचे पाच वर्षांनी १,४१,४७८ रुपये होतात. जाहिरातीत तुम्हाला तीन आकडे दिसू शकतात.

- ७ टक्के : करारातील दर.
- ७.१९ टक्के : तिमाही चक्रवाढ धरून एका वर्षात प्रत्यक्ष पडणारा दर.
- ८.३० टक्के : पाच वर्षांचे एकूण व्याज ४१,४७८ भागिले पाच.

तिन्ही एकाच ठेवीचे आहेत. तिसरा आकडा मुदत वाढवली की आपोआप फुगतो. एका बँकेचा ८.३० आणि दुसरीचा ७.२५ समोर आला, तर ‘हा करारातील दर आहे की सरासरी उत्पन्न?’ असे सरळ विचारा. दुसरी बँक जास्त देत असेल!

‘दामदुप्पट’ योजनेसाठी सोपी युक्ती: ७२ ला वर्षांनी भागा. १० वर्षांत दुप्पट म्हणजे साधारण ७.२ टक्के. ‘१०० टक्के परतावा’ हे शब्द मोठे, पण वार्षिक दर तेवढाच.

पाचवा आकडा : महागाई

‘महागाई ६ वरून ४ टक्क्यांवर आली’ ही बातमी वाचून भाव उतरले असे समजू नका. १०० रुपयांची वस्तू आधी १०६ झाली आणि पुढच्या वर्षी ११०.२४ झाली. वाढीचा वेग कमी झाला, भाव वाढतच राहिले.

शिवाय हा दर एका ठरावीक टोपलीचा असतो. २०१२ आधारवर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाद्यपदार्थ आणि पेये यांचे भारमान ग्रामीण भागासाठी ५४.१८ टक्के आणि शहरांसाठी ३६.२९ टक्के होते. घरभाड्याचे भारमान शहरी टोपलीत २१.६७ टक्के होते आणि ग्रामीण टोपलीत ते नव्हतेच. बेंगळुरूत पगाराचा तिसरा हिस्सा भाड्यात जाणाऱ्या कुटुंबाची महागाई बातमीतल्या आकड्याशी जुळली नाही, तर त्यात नवल नाही. मोजणी चुकलेली नसते, टोपली वेगळी असते. श्रम ब्युरो औद्योगिक कामगारांसाठी वेगळा निर्देशांक काढतो. त्याच्या ८८ केंद्रांत बेंगळुरूही आहे, पण तीही कामगार कुटुंबांची टोपली आहे.

तुमच्या ठेवीचा खरा कस तुमच्याच खर्चाच्या वहीत लागतो. मागच्या वर्षी याच महिन्यात किती खर्च झाला आणि यंदा किती, हे लिहून ठेवा. ती वाढ ठेवीच्या करोत्तर व्याजापेक्षा जास्त असेल, तर पासबुकातली रक्कम वाढूनही तिची खरेदीशक्ती घटते आहे.

स्वाध्याय

१. एका महिलेचे एका बँकेत एकटीच्या नावाने बचत खात्यात ९०,०००, मुदत ठेवीत ३,५०,००० आणि आवर्ती ठेवीत १,००,००० रुपये आहेत. जमा व्याज २०,०००. दुसऱ्या बँकेत २,००,००० आहेत. विम्याबाहेर किती?

२. एका बँकेची कर्जे २० कोटींवरून ३० कोटी झाली. एनपीए ५ टक्क्यांवरून ४ टक्के झाला. थकबाकी कमी झाली का?

३. ‘१२ वर्षांत दुप्पट’ म्हणजे वार्षिक दर साधारण किती?

उत्तरे : (१) पहिल्या बँकेत एकूण ५,६०,०००. त्यातील ६०,००० विम्याबाहेर. दुसऱ्या बँकेतील २,००,००० पूर्ण विम्यात. (२) नाही. १ कोटीवरून १ कोटी २० लाख झाली. (३) सुमारे ६ टक्के.

या आठवड्यात एवढे करा

एका कागदावर घरातील प्रत्येकाच्या नावापुढे बँकनिहाय एकूण रक्कम व्याजासह लिहा. जेथे ती ५ लाखांच्या वर जाते, तेथे खूण करा. त्या ठेवीची मुदत संपण्याची तारीख शेजारी नोंदवा आणि त्या दिवशी वरची रक्कम दुसऱ्या बँकेत हलवण्याचा विचार करा. मुदतीपूर्वी ठेव मोडल्यास व्याज कमी मिळते, त्यामुळे घाई नको. जेथे संस्था बँक नसून ‘सौहार्द’ किंवा अन्य पतसंस्था असेल, तेथे विम्याच्या रकान्यात शून्य लिहा.

हा कागद वारसदाराच्या नोंदीसह घरातील दुसऱ्या एका माणसाला दाखवून ठेवा. देशाचे सगळे टक्के एकत्र केले, तरी तुमच्या पैशांविषयी या एका कागदाइतके ते सांगू शकणार नाहीत.